मुळाचा शोध : नाक व सायनसमधील सौम्य अर्बुदांचे वर्तन आणि शस्त्रक्रिया

नाक आणि नाकाभोवतीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्या, म्हणजेच सायनस, यांत वाढणाऱ्या सौम्य अर्बुदांच्या बाबतीत रोग्याचे पुढे काय होणार हे अर्बुदातील पेशींच्या स्वरूपावर जितके ठरते, त्याहून अधिक ते अर्बुद कोठे रुजले आहे आणि शस्त्रक्रियेत त्याचे मूळ निघाले की मागे राहिले यावर ठरते. सौम्य अर्बुद म्हणजे ज्याच्या पेशी रक्तावाटे वा रसवाहिन्यांवाटे दूरच्या अवयवांत जाऊन रुजत नाहीत अशी गाठ, ही व्याख्या शरीरात सर्वत्र सारखीच लागू पडते. पण दंडावरच्या चरबीच्या गाठीला वाढायला मोकळी जागा असते आणि नाकातल्या गाठीला ती नसते. नाकाची बाहेरची भिंत आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये जे हाड असते ते कागदाइतके पातळ असते, आणि शरीरशास्त्रात त्याचे नावही तसेच पडले आहे. नाकाच्या छपरावर वास घेणाऱ्या नसांसाठी भोके असलेली एक पातळ पट्टी असते आणि तिच्या पलीकडे थेट मेंदूची आवरणे असतात. मागे स्फेनॉइड नावाच्या सायनसच्या दोन्ही अंगांना दृष्टीची नस आणि मेंदूला रक्त पुरवणारी मुख्य धमनी जाते. अशा दाटीच्या जागी वर्षाला काही मिलिमीटर वाढणारी गाठही पाच-दहा वर्षांत डोळा बाहेर ढकलू शकते, हाड झिजवू शकते आणि सायनसचे तोंड बंद करून आत पू वा चिकट स्राव साठवू शकते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा असा आहे, आणि बीड जिल्ह्यातील तेलगावसारख्या गावी तो मांडण्याचे कारण हे की या रोगात उशीर गावात होतो आणि त्याचे परिणाम मोठ्या रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहात भोगावे लागतात.

हा उशीर कसा होतो हे आधी पाहणे आवश्यक आहे. नाक चोंदणे ही तक्रार इतकी सर्वसाधारण आहे की तिला कोणी रोग मानत नाही. घरात ‘सर्दी मुरली’ म्हणतात, थोडे दिवस ओव्याची धुरी वा वाफ घेतात, मग औषधाच्या दुकानातून नाकात टाकायचे थेंब आणतात, आणि त्या थेंबांनी घटकाभर नाक मोकळे झाले की महिनोन्महिने तेच चालू ठेवतात. पुढे कोणीतरी ‘नाकाचं हाड वाढलंय’ किंवा ‘नाकात मांस वाढलंय’ असे सांगते. यातले पहिले बहुधा दोन नाकपुड्यांमधील पडदा वाकडा असल्याचे वर्णन असते आणि दुसरे बहुधा पॉलिपचे, म्हणजे अ‍ॅलर्जीमुळे वा दीर्घकाळच्या सुजेमुळे लोंबू लागलेल्या पाणीदार, द्राक्षाच्या रंगाच्या अस्तराचे. पॉलिप हे अर्बुद नव्हे. तो सुजेचा परिणाम होय, आणि म्हणूनच तो बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना होतो. अर्बुद मात्र एका जागी उगवते आणि एका बाजूनेच वाढते. या एका भेदात निदानाची निम्मी वाट आहे. प्रौढ माणसाची एकच नाकपुडी महिनोन्महिने बंद राहणे, एकाच बाजूने रक्तमिश्रित शेंबूड येणे, एकाच डोळ्यातून सतत पाणी वाहणे, एकाच गालाला बधिरपणा वा फुगवटा येणे, यांपैकी काहीही असले तरी त्या नाकपुडीत दुर्बीण घातल्यावाचून औषधाची दुसरी चिठ्ठी लिहिली जाऊ नये. ही तपासणी बाह्यरुग्ण विभागात भुलीच्या औषधात भिजवलेली पट्टी ठेवून पाच-दहा मिनिटांत होते, आणि तिच्यासाठी दाखल व्हावे लागत नाही.

या ज्ञानाची परंपरा भारतात जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे ३१ रोग मोजले आहेत आणि त्यांत नासार्शाचे ४ व अर्बुदाचे ७ प्रकार वेगळे धरले आहेत; म्हणजे नाकात लोंबणारा प्रत्येक मांसल भाग एकाच जातीचा नसतो हे त्या काळीही ध्यानात आले होते. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात अर्बुदाविषयी अशा आशयाचे विधान आहे की ते काढताना दोषाचा शेष राहू दिला तर अर्बुद लवकरच पुन्हा उद्भवते. दुर्बीण नसताना, भूल नसताना आणि नाकाच्या आत डोळ्यांनी दिसणारा भाग अगदी थोडा असताना केलेले हे निरीक्षण आहे, आणि आजच्या शस्त्रक्रियेचा सारा खटाटोप त्याच शेषासाठी चाललेला असतो.

सौम्य अर्बुदांमध्ये शल्यविशारदाला सर्वांत जास्त विचार करायला लावणारे अर्बुद म्हणजे इन्व्हर्टेड पॅपिलोमा, म्हणजेच आत वळणारे अंकुरार्बुद. नाकाच्या अस्तराला सतराव्या शतकातील जर्मन शरीरशास्त्रज्ञ कॉनराड व्हिक्टर श्नायडर यांचे नाव दिलेले आहे आणि त्या अस्तरापासून उगवणाऱ्या तीन प्रकारच्या अंकुरार्बुदांपैकी हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. १८५४ साली वॉर्ड यांनी नाकातील या जातीच्या गाठीची पहिली नोंद केली असे मानले जाते. पण तिचे खरे वैशिष्ट्य, म्हणजे अस्तराच्या पेशी बाहेरच्या पोकळीत वाढण्याऐवजी खालच्या ऊतीत बोटे खुपसल्यासारख्या आत वळतात हे, १९३८ साली स्वीडनच्या निल्स रिंगर्ट्झ यांनी स्पष्ट केले. पेशींच्या थराखाली जे आधारपटल असते ते या अर्बुदात अखंड राहते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ते सौम्य ठरते. नाकातील एकूण अर्बुदांमध्ये त्याचे प्रमाण ०.५ ते ४ टक्के सांगितले जाते. पन्नाशी-साठीच्या वयात आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत ते अधिक दिसते. त्याच्या कारणांविषयी मानवी पॅपिलोमा विषाणूचे ६ व ११ हे प्रकार दीर्घकाळ चर्चेत आहेत, आणि २०१५ साली असे दिसून आले की बहुसंख्य इन्व्हर्टेड पॅपिलोमांमध्ये पेशींच्या वाढीचा संदेश घेणाऱ्या ईजीएफआर या प्रथिनाच्या जनुकात बदल झालेला असतो.

या अर्बुदाचे वर्तन तीन गोष्टींनी ओळखले जाते. ते शेजारचे हाड झिजवते, ते काढल्यावर पुन्हा उगवते, आणि काही रोग्यांत त्याच्या पोटात किंवा त्याच्या जागी कर्करोग निघतो. कर्करोगाचे प्रमाण वेगवेगळ्या नोंदींत साधारण ५ ते १५ टक्के येते आणि त्यातील अधिक रोग्यांत तो पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळीच आत असतो. काहींत मात्र तो काही वर्षांनी, परत उगवलेल्या गाठीत दिसतो. हे आकडे भय वाटावे म्हणून सांगितले जात नाहीत. ते यासाठी महत्त्वाचे आहेत की नाकातून काढलेल्या गाठीचा प्रत्येक तुकडा तपासायला गेला पाहिजे. चिमट्याने ओढून काढलेले ‘मांस’ बादलीत टाकण्याची प्रथा जेथे असेल तेथे रोग्याचे सर्वांत मोलाचे कागदपत्रच फेकून दिले जाते. समोरचा भाग पॉलिप आणि त्यामागे लपलेला भाग पॅपिलोमा अशी जोडी नाकात आढळते, त्यामुळे एकच लहान तुकडा तपासून ‘साधा पॉलिप’ असा अहवाल आला तरी एकाच बाजूच्या गाठीच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही.

तेलगाव परिसरातील काळ्या रानात हरळी माजली की वरवर खुरपून भागत नाही, ती मुळासकट खणून काढावी लागते, आणि एक कांडी राहिली तरी पावसाळ्यानंतर ती वाफा व्यापते. इन्व्हर्टेड पॅपिलोमाचे पुन्हा उगवणे नेमके या जातीचे आहे. नाक भरून टाकणारी गाठ केवढीही मोठी दिसली तरी ती बहुधा एकाच मर्यादित जागेला चिकटलेली असते आणि बाकीचा भाग पोकळीत नुसता लोंबत असतो. ही जागा सहसा नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर, गालाच्या हाडातील मॅक्सिलरी सायनसमध्ये किंवा दोन डोळ्यांच्या मधल्या एथमॉइड सायनसमध्ये असते. जुन्या काळी तारेच्या फासाने गाठ ओढून काढत, तेव्हा लोंबता भाग निघे आणि ही जागा राहून जाई; अशा शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून अधिक रोग्यांत अर्बुद परत येई.

त्यावरचा पहिला उपाय चेहऱ्याच्या बाहेरून जाण्याचा होता. वरच्या ओठाखाली हिरडीजवळ छेद घेऊन गालाच्या सायनसमध्ये शिरण्याची रीत अमेरिकेतील जॉर्ज कॉल्डवेल यांनी १८९३ साली आणि फ्रान्समधील आंरी ल्यूक यांनी १८९७ साली स्वतंत्रपणे मांडली, म्हणून ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. त्यापुढची पायरी म्हणजे भुवईच्या आतल्या टोकापासून नाकाच्या कडेने नाकपुडीपर्यंत छेद घेऊन नाक बाजूला वळवणे आणि नाक व गालाचा सायनस यांमधली संपूर्ण भिंत एकसंध काढणे. या शस्त्रक्रियेने अर्बुद परत येण्याचे प्रमाण पुष्कळ खाली आले आणि काही दशके तीच आदर्श मानली गेली. तिची किंमत मात्र रोग्याच्या चेहऱ्यावर राहत असे. भुवईपासून नाकपुडीपर्यंत जाणारा व्रण, गालाचा बधिरपणा, अश्रुनलिकेत होणारा अडथळा, आणि तरुण रोगी असला तर चेहऱ्याच्या हाडांच्या वाढीवर होणारा परिणाम, हे सारे सौम्य रोगासाठी सोसावे लागे. त्या पिढीतील शल्यविशारदांचा दोष त्यात नव्हता. मूळ डोळ्यांनी पाहण्याचा दुसरा मार्गच त्यांच्याजवळ नव्हता.

तो मार्ग दुर्बिणीने दिला. इंग्लंडमधील भौतिकशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी १९६० च्या सुमारास काचेच्या दांड्यांची भिंगरचना तयार केली आणि त्यामुळे ४ मिलिमीटर जाडीच्या नळीतून लख्ख व विस्तृत प्रतिमा दिसू लागली. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वाल्टर मेसरक्लिंगर यांनी या दुर्बिणीने सायनसच्या अस्तरावरील स्रावाची वाट अभ्यासली, हाइंट्स श्टामबेर्गर यांनी ती पद्धत जगभर शिकवली, आणि अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी १९८५ साली तिला फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी हे नाव रूढ केले. आरंभी ती केवळ सुजेच्या विकारांसाठी होती. अर्बुदासाठी ती वापरावी की नाही याबद्दल पुष्कळ वर्षे मतभेद होते, कारण कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत गाठ अखंड काढावी हा नियम आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गाठ तुकड्या-तुकड्यांनी काढावी लागते. अखेर अनुभवाने हा वाद मिटवला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर अर्बुद परत येण्याचे प्रमाण सुमारे १२ टक्के आणि इतर पद्धतींनंतर सुमारे २० टक्के आढळले. लोंबता भाग तुकड्यांनी निघाला तरी चालते. चिकटलेली जागा मात्र भोवतीच्या निरोगी अस्तरासह आणि खालच्या हाडाच्या थरासह निघाली पाहिजे, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे.

शस्त्रक्रियेची तयारी मुळाच्या शोधापासूनच सुरू होते. सीटी स्कॅनवर गाठीच्या चिकटण्याच्या जागी हाडाचा एखादा टोकदार वा जाड झालेला भाग दिसतो आणि तो बहुतांश वेळा मुळाची खूण ठरतो. एमआरआयवर गाठीच्या आत मेंदूच्या वळ्यांसारखे समांतर पट्टे दिसतात. त्यांच्यामुळे गाठ आणि सायनसमध्ये नुसता साठलेला स्राव यांतला फरक कळतो, जो सीटीवर कळत नाही. ही वळ्यांची रचना एखाद्या ठिकाणी पुसली गेली असेल तर तेथे कर्करोगाची शंका घ्यावी लागते. २००० साली जॉन क्राउस यांनी या अर्बुदाच्या चार पायऱ्या ठरवल्या: नाकापुरते मर्यादित असलेले पहिल्या पायरीत, एथमॉइड व गालाच्या सायनसच्या आतल्या भागापर्यंत गेलेले दुसरीत, गालाच्या सायनसच्या इतर भिंती, कपाळातील वा मागील सायनस व्यापणारे तिसरीत, आणि सायनसच्या बाहेर गेलेले किंवा कर्करोग असलेले चौथीत. या पायऱ्या उपयोगी आहेत, तरीही शल्यविशारदाला पायरीपेक्षा मुळाचा पत्ता अधिक उपयोगी पडतो. नाक भरून टाकणाऱ्या गाठीचे मूळ सहज हाती लागेल अशा भिंतीवर असू शकते, आणि लहानशा गाठीचे मूळ कपाळातील सायनसच्या बाहेरच्या कोपऱ्यात, जेथे सरळ हत्यार पोचतच नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत रोग्याला संपूर्ण भूल देतात, डोके थोडे उंच ठेवतात आणि रक्तदाब मर्यादेत ठेवतात, कारण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रक्ताचा एक थेंब भिंगावर पडला तरी सारे दृश्य लाल होते. अ‍ॅड्रिनॅलिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या ठेवून अस्तर आक्रसून घेतात. मग लोंबता भाग डिब्रायडर नावाच्या, फिरत्या पात्याने कापून ओढून घेणाऱ्या यंत्राने कमी करत जातात; यंत्राच्या नळीत एक जाळी लावलेली असते आणि तिच्यात जमा झालेला सारा ऐवज तपासणीला जातो. गाठ लहान होत गेली की ती कोणत्या भिंतीकडे ओढली जाते ते दिसू लागते, आणि तेव्हा सरळ दुर्बीण काढून ३०, ४५ वा ७० अंशांत पाहणारी तिरकी दुर्बीण घेतात. चिकटलेल्या जागेभोवती निरोगी दिसणाऱ्या अस्तराची पट्टी सोडून छेद घेतात, हाडावरील पातळ आवरणासह तो भाग खरवडून उचलतात आणि उघड्या पडलेल्या हाडाचा वरचा थर हिऱ्याची भुकटी बसवलेल्या टोकाने घासून काढतात, कारण अर्बुदाच्या पेशी हाडाच्या खाचांत शिरलेल्या असतात. कडेचे तुकडे वेगळ्या बाटल्यांत, प्रत्येकीवर जागेचे नाव लिहून पाठवतात. मूळ गालाच्या सायनसच्या पुढच्या भिंतीवर असेल तर अश्रुनलिकेच्या पुढून वाट काढतात, आणि कपाळातील सायनसमध्ये असेल तर दोन्ही बाजूंच्या वाटा मधला पडदा काढून एक करतात. दुर्बिणीने न पोचणारी जागा असली तर बाहेरून छेद घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दुर्बीण हे साधन आहे, आणि तिच्या हट्टापायी मूळ मागे ठेवणे हा रोग्यावर अन्याय होय.

दुसरे अर्बुद याहून निराळे आहे आणि ग्रामीण भागात त्याकडे होणारे दुर्लक्ष अधिक धोक्याचे आहे. दहा ते वीस वर्षांच्या मुलांमध्ये, जवळजवळ केवळ मुलग्यांतच, नाकाच्या अगदी मागे रक्तवाहिन्यांनी भरलेले एक तंतुमय अर्बुद वाढते. त्याला जुव्हेनाइल अँजिओफायब्रोमा म्हणतात. जगभर ते विरळ असले तरी भारतातील मोठ्या रुग्णालयांत ते नियमाने पाहायला मिळते. त्याची पहिली खूण म्हणजे घोळणा फुटणे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पोराचा घोळणा फुटला तर ‘उष्णता झाली’ म्हणून डोक्यावर गार पाणी ओततात, ओल्या मातीचा वा फोडलेल्या कांद्याचा वास देतात, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत रक्त आपोआप थांबतेही, कारण ते नाकाच्या पुढच्या पडद्यावरील बारीक वाहिन्यांतून येत असते. परंतु किशोरवयीन मुलाला पुन्हा पुन्हा, एकाच बाजूने, भांडे भरावे असे रक्त येत असेल आणि त्याच बाजूचे नाक बंद असेल, तर ती उष्णता नसते. अशा मुलाला सहसा फिकेपणा आलेला असतो आणि त्याचा आवाज नाक दाबल्यासारखा येतो.

या अर्बुदाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत स्नायूंचा थर नसतो, त्यामुळे कापली गेलेली वाहिनी आक्रसून बंद होऊ शकत नाही. म्हणूनच येथे एक नियम अपवादाशिवाय पाळायचा असतो: किशोरवयीन मुलाच्या नाकाच्या मागच्या भागातील गाठीचा तुकडा बाह्यरुग्ण विभागात काढायचा नाही. निदान रंगद्रव्य देऊन काढलेल्या सीटी स्कॅनवर आणि एमआरआयवर होते. गालाच्या सायनसची मागची भिंत पुढे वाकलेली दिसणे ही होल्मन व मिलर यांनी वर्णन केलेली खूण त्यात पाहिली जाते. अर्बुद नाकाच्या मागच्या बाहेरच्या कोपऱ्यातील, ज्यातून नाकाची मुख्य धमनी आत येते त्या छिद्राजवळ उगवते, आणि तेथून गालामागच्या पोकळीत, डोळ्याच्या खोबणीत आणि कवटीच्या तळाकडे पसरते. शस्त्रक्रियेआधी एक-दोन दिवस मांडीतील धमनीतून बारीक नळी अर्बुदाच्या पोषक वाहिनीपर्यंत नेऊन ती वाहिनी सूक्ष्म कणांनी बंद करतात. त्यानंतर दुर्बिणीने गाठ काढताना होणारा रक्तस्राव पुष्कळ कमी होतो. तरीही रक्ताच्या पिशव्या तयार ठेवाव्याच लागतात. येथेही प्रश्न मुळाचाच आहे. अर्बुद परत येते त्या मुलांमध्ये बहुतांश वेळा स्फेनॉइड हाडाच्या बुडाशी असलेल्या एका अरुंद नलिकेत गाठीचा अंश राहिलेला असतो, म्हणून गाठ निघाल्यावर त्या नलिकेभोवतीचे हाड घासून पाहणे हा आता शस्त्रक्रियेचा आवश्यक भाग झाला आहे. डोळ्याच्या नसेला किंवा मेंदूच्या धमनीला चिकटलेला अंश मात्र ओढून काढण्याचा आग्रह धरला जात नाही. तो नियमित एमआरआयने पाहत राहतात. वयात आल्यावर असा अंश कधीकधी आक्रसतो, पण त्या आशेवर मूळ गाठच तशी ठेवता येत नाही.

हाडापासून उगवणाऱ्या अर्बुदांची कथा संयमाची आहे. ऑस्टिओमा, म्हणजे कठीण हाडाची गाठ, हे सायनसमधील सर्वांत अधिक आढळणारे सौम्य अर्बुद होय. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सायनसच्या सीटी स्कॅनपैकी सुमारे ३ टक्क्यांत ते दिसते, बहुधा कपाळातील सायनसमध्ये. ते वर्षाला एखाद-दुसरा मिलिमीटर वाढते आणि पुष्कळांना आयुष्यभर त्रास देत नाही. स्कॅनच्या अहवालात ‘ट्यूमर’ हा शब्द वाचून हबकलेल्या रोग्याला हे नीट समजावून सांगणे आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा स्कॅन करणे, एवढेच बहुतेकांसाठी पुरते. सायनसची वाट बंद झाली, डोळ्याकडे वा मेंदूकडे गाठ सरकली किंवा ती स्पष्टपणे वाढत असली तरच शस्त्रक्रिया करावी. फायब्रस डिसप्लेसिया या विकारात निरोगी हाडाची जागा तंतुमय, दुधी काचेसारखे दिसणारे हाड घेते; त्याची वाढ बहुधा तारुण्यानंतर मंदावते. तो समूळ काढायला गेल्यास अर्धा चेहरा काढावा लागेल, म्हणून येथे मुळाच्या मागे लागणेच चूक ठरते. दृष्टीची नस हाडाने वेढलेली दिसली तरी नजर शाबूत असेपर्यंत तिला हात लावत नाहीत, आणि किरणोपचार तर टाळतातच, कारण त्यांनी कर्करोगाचा धोका वाढतो. हाडाची नसली तरी असाच संयम मागणारी आणखी एक गाठ आहे: गरोदरपणी नाकाच्या पडद्यावर उगवणारी, स्पर्श होताच रक्त सांडणारी ही लालभडक गाठ बाळंतपणानंतर अनेकदा आपोआप ओसरते. रक्तस्राव अनावर नसेल तर थांबणे श्रेयस्कर.

महाराष्ट्रात अर्बुदाचे सोंग घेणारा एक विकार मुद्दाम सांगितला पाहिजे. पूर्व विदर्भातील तळ्यांच्या प्रदेशात आणि लगतच्या छत्तीसगडात नाकातून लालसर, वर पांढरट ठिपके असलेली, सहज रक्त येणारी गाठ घेऊन रोगी येतात. साठलेल्या पाण्यात अंघोळ करणे, गुरे धुणे, नदीतील वाळू उपसणे असा त्यांचा पूर्वेतिहास असतो. या विकाराला ऱ्हायनोस्पोरिडिओसिस म्हणतात. १९०० साली ब्युनोस आयर्स येथे गिलेर्मो सीबर यांनी त्याच्या जंतूचे वर्णन केले, कलकत्त्यातील ओकिनीली यांनी १९०३ साली आपल्या रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली, आणि १९२३ साली एडिनबरोच्या ॲशवर्थ यांनी त्या जंतूचे जीवनचक्र उलगडले. दीर्घकाळ बुरशी मानला गेलेला हा जंतू आता एका निराळ्या जलचर गटात धरला जातो. पांढरे ठिपके म्हणजे बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या असतात. गाठ ओढून काढली तर बीजाणू शेजारच्या अस्तरावर सांडतात आणि रोग पसरतो, म्हणून ती बुडापासून सोडवून बुड विजेने जाळतात आणि पुढे काही महिने डॅप्सोन देतात. मराठवाड्यातही अशी गाठ दिसल्यास रोगी कोठून आला आणि कोणत्या पाण्यात उतरतो हे विचारणे आवश्यक आहे.

लहान मुलाच्या नाकातील गाठीबाबतही अशीच सावधगिरी हवी. जन्मतःच कवटीच्या तळाला भोक राहून त्यातून मेंदूचे आवरण नाकात उतरलेले असू शकते. मूल रडले की ती गाठ फुगते. तिला सुई लावली तर मेंदूज्वर होऊ शकतो.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांना सायनस, दुर्बीण आणि वरचा जबडा काढणे हे शब्द एकदम शिकवले. त्या बुरशीने दिवसांत जे केले ते सौम्य अर्बुदे वर्षांत करतात, आणि त्यांच्यावर वेळेत शस्त्रक्रिया झाली तर डोळा वा जबडा गमावण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. ही गोष्ट त्या काळी आप्त गमावलेल्यांना आवर्जून सांगावी लागते, कारण त्या आठवणीने नाकाच्या शस्त्रक्रियेचे नाव काढताच लोक उठून जातात.

धारूर तालुक्यातील तेलगाव बीड-परळी मार्गावर आहे, गावाच्या शिवारात सहकारी साखर कारखाना आहे, आणि जिल्ह्यातच अंबाजोगाई येथे ग्रामीण भागासाठी १९७० च्या दशकात उभे राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगरचे, १९५६ साली सुरू झालेले आणि ‘घाटी’ म्हणून ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही येथील रोग्यांना परके नाही. नाकाच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहेत. म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेपर्यंत पोचण्याची वाट अवघड असली तरी बंद नाही. खरी अडचण नंतरची आहे. इन्व्हर्टेड पॅपिलोमा परत येतो तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, पण पाच वर्षांनंतर आणि त्याहूनही उशिरा परत आल्याची उदाहरणे आहेत. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा, निदान पाच वर्षे आणि शक्यतो त्यापुढेही, दुर्बिणीने तपासणी व्हावी असे सांगितले जाते. नाक मोकळे झालेला, कसलाही त्रास नसलेला माणूस एवढ्या वेळा येणे शहरातही कठीण असते. बीड जिल्ह्यात तर दसऱ्या-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत हजारो कुटुंबे ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, सातारा आणि कर्नाटकाकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या कोयत्याने, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याने, एक दिवस दवाखान्यासाठी काढला तर त्याचा खाडा धरला जातो. अशा रोग्याला ‘तीन महिन्यांनी या’ असे सांगणे म्हणजे न येण्याचीच तारीख देणे होय.

हे टाळता येण्याजोगे आहे. तपासणीच्या तारखा हंगामाला धरून द्याव्यात: एक तपासणी टोळी निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आधी, दुसरी तपासणी टोळी परतल्यावर, गुढीपाडव्यानंतर, आणि मधली तपासणी रोगी ज्या भागात तोडीला असेल तेथील रुग्णालयात. त्यासाठी रोग्याजवळ केवळ ‘नाकाचे ऑपरेशन झाले’ एवढी चिठ्ठी असून भागणार नाही. गाठ कोणत्या भिंतीला, कोणत्या कोपऱ्यात चिकटलेली होती, तेथील हाड घासले होते की नाही, कडेच्या तुकड्यांचा अहवाल काय आला, आणि सूक्ष्मदर्शक तपासणीचा क्रमांक कोणता, हे सारे एका जाड कार्डावर इंग्रजीत आणि मराठीत लिहून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून द्यावे. मग मिरजेला वा बेळगावला बसलेला अनोळखी कान-नाक-घसा तज्ज्ञही ‘डाव्या गालाच्या सायनसची पुढची भिंत, खालचा कोपरा’ हे वाचून ७० अंशांची दुर्बीण थेट त्या जागी फिरवू शकेल.